मोरीची जाळी आणि रस्त्यावरचे चेंबर

(परिसरातील गृहनिर्माण संस्थांच्या प्रतिनिधींपुढे रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाच्या व्यासपीठावरून गटारांविषयी बोलायचे म्हणजे काहींना नवल वाटेल. परंतु पावसाळ्यात रुग्णालयांच्या खाटा कशाने भरतात हे पाहणाऱ्यास तसे वाटणार नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढे पाणी कोणतेही गटार पेलू शकले नसते, हे मान्य. तथापि त्या तुंबलेल्या पाण्यातून चालत घर गाठणाऱ्यांपैकी अनेकांना पुढील आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिस झाला. उंदराच्या मूत्रातील या जंतूंना पायावरचे साधे खरचटलेलेही पुरते. पाऊस थांबल्यावर साचून राहिलेल्या सांडपाण्यात क्युलेक्स डास वाढतो आणि त्याच्यामुळे हत्तीरोग पसरतो, हे निराळेच.

आम्ही डॉक्टर नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. त्यामुळे कोणताही खर्च अखेर कोणाच्या नावे पडतो, हे पाहण्याची आम्हांस सवय आहे. तुंबलेल्या गटाराचे खाते बहुधा स्वयंपाकघरात उघडते. तूप किंवा डालडा गरम असताना पातळ असतो, नळीत मात्र थिजतो. तेलही पाण्यातील चुन्याशी संयोग पावून साबणासारखा चिकट थर धरते आणि त्यात भाताची शिते, चहाचा चोथा, केस अडकत जातात. उपाय अगदी साधा आहे. कढई व ताटे घासण्यापूर्वी रद्दी कागदाने पुसावीत, उरलेले तळणीचे तेल मोरीत ओतू नये आणि प्रत्येक मोरीला बारीक जाळी असावी. जुन्या घरांत खरकटे वेगळे काढण्याची रीत होती. सिंक आले आणि ती रीत गेली, असे आमचे निरीक्षण आहे.

शौचालयात सॅनिटरी पॅड, डायपर, बँडेज टाकणे याहून घातक. पाणी शोषून फुगणे हाच त्यांचा गुण असल्याने ती नळीत बुचासारखी बसतात. ही वस्तू कागदात गुंडाळून, वेगळी ओळखता येईल अशी कचरा नेणाऱ्याकडे द्यावी. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुया जाड झाकणाच्या डब्यात साठवून रुग्णालयात आणून द्याव्यात. ती सुई कोणाच्या तरी हाताला टोचतेच.

नळी तुंबली की अनेक घरांत ॲसिड ओतले जाते. वर ब्लीचिंग पावडर पडली, तर त्यातून विषारी क्लोरिन वायू सुटतो. शिवाय ओतणाऱ्याच्या नजरेआड झालेले ते ॲसिड पुढच्या चेंबरपर्यंत पोहोचते आणि तिथे कोणाचा तरी हात असतो.

आता खर्च कोणाच्या नावे पडतो, त्याकडे येऊ. चेंबर व सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच जाते. म्हणूनच आत उतरलेल्या माणसाला वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही दगावतो. २०१३ च्या कायद्याने कोणीही, म्हणजे गृहनिर्माण संस्थेनेसुद्धा, सुरक्षा साधनांवाचून माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास बंदी केली आहे. पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. हिशेबनीस म्हणून आम्ही हे आकडे सांगितले खरे, परंतु त्या घरातील कमावता माणूस कोणत्याही रकान्यात परत जमा होत नाही. ‘दोनशे रुपयांत उतरतो’ म्हणणारा माणूस दाराशी आला, तर सचिवांनी त्यास नम्रपणे परत पाठवावे व यंत्राची गाडी मागवावी. तिला चार दिवस लागले तरी चालेल.

बंद राहणाऱ्या सदनिकांविषयी एक राहिले. मोरीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये थोडे पाणी सदैव थांबलेले असते आणि तेच गटारातील वायू व झुरळे अडवते. घर बरेच दिवस बंद राहिले की ते आटते. तेव्हा किल्ली ज्यांच्याकडे असेल, त्यांनी अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावे.

आमच्या देखभाल विभागातील सहकाऱ्यांनी बाहेरच्या ओसरीवर एक जुना ट्रॅप उघडून ठेवला आहे. चहापूर्वी तो पाहून घ्यावा, चहानंतर कोणी पाहत नाही.