भुसा घातलेले प्लास्टिक



1934 साली इंग्लंडमधल्या एको कंपनीने एक गोल रेडिओ बाजारात आणला. रचना वास्तुविशारद वेल्स कोट्स यांची, पेटी बॅकेलाइटची. पेटीवर लाकडाचा मागमूस नव्हता, पण आत लाकूड होतेच, पीठ होऊन!

बेल्जियममध्ये जन्मलेल्या लिओ बेकलँड यांनी 1907 मध्ये अमेरिकेत फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून हे प्लास्टिक बनवले. नुसती राळ ठिसूळ, पडली की तडकणारी. तिच्यात लाकडाचे बारीक पीठ मिसळले की ती धक्का सोसते, साच्यात कमी आकसते आणि वर स्वस्तही पडते. भेसळीने माल सुधारावा, हे बाजारात विरळाच.

पुढे पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन आले तेव्हा मात्र सोयरीक जमेना. लाकडाला पाण्याची ओढ, तर या प्लास्टिकांना पाण्याचे वावडे. नुसते कालवले तर भुशाचे कण आत सुटेच राहतात आणि फळी तिथेच फुटते. म्हणून मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन शेकडा दोन-चार भाग घालतात. ते एका बाजूने लाकडाला धरते, दुसऱ्या बाजूने प्लास्टिकमध्ये मुरते. भुसा आधी खडखडीत वाळवावा लागतो, नाहीतर वाफेने माल फुगतो. उष्णता 200 अंश सेल्सिअसच्या आसपास थोपवावी लागते, कारण त्यापुढे लाकूड करपते. पाण्याच्या बाटल्यांचे पेट प्लास्टिक 250 अंशांवर वितळते. ते इथे बाद.

एवढा खटाटोप कशाला? भुशाऐवजी प्लास्टिकमध्ये भर म्हणून घालता येणारी काच किंवा खडूची भुकटी भुशाहून बरीच जड असते. शिवाय काच यंत्राचे स्क्रू झिजवते. आणि भुसा तर सॉ मिलच्या कोपऱ्यात ढिगाने पडलेला असतो.

मोबिल या तेल कंपनीतून 1996 मध्ये वेगळी झालेली ट्रेक्स कंपनी जुन्या प्लास्टिक पिशव्या आणि भुसा मिसळून अंगणातल्या ओट्यांसाठी फळ्या करते. आपल्याकडे बाथरूमच्या दाराला लागते ती डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाची, चौकट याच कुळातली. तिच्यात बहुधा पीव्हीसी असते.

प्लास्टिकने वेढलेले लाकूड कुजणार नाही, अशी सुरुवातीला खात्री होती. पण फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दमट रानात अशाच फळ्यांच्या पायवाटेवर बुरशी उगवल्याचे 1998 मध्ये नोंदवले गेले. पृष्ठभागाजवळच्या कणांनी पाणी ओढले होते. आता अनेक कारखाने बुरशी रोखायला भुशाबरोबर थोडे झिंक बोरेटही घालतात.