घरगुती वराहपालन : हंड्यात शिजेल तेवढीच डुकरे पाळा

(दक्षिण कोकणातील शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



कोंबड्या, शेळ्या, दुभती जनावरे या जोडधंद्यांवर आपण नेहमी बोलतो. डुकरांचा विषय निघाला की मात्र काही जण हसतात, काही नाक मुरडतात. पण या भागात आणि शेजारच्या गोव्यात अनेक ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या परसात दोन-चार डुकरे पाळत आली आहेत. नाताळला, लग्नाला, फेस्ताला सोरपोतेल हवेच. म्हणजे गिऱ्हाईक दाराशी आहे. गोव्याच्या काळ्या गावठी डुकराला ‘अगोंदा गोवन’ या नावाने कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून मान्यताही दिली आहे. तेव्हा हा धंदा हलका समजण्याचे कारण नाही.

मी कृषिविद्येचा अध्यापक आहे. त्यामुळे डुकराकडे शेतीचा एक भाग म्हणूनच पाहतो आणि पहिला प्रश्न विचारतो : किती पाळायची?

याचे उत्तर खाद्यात आहे. वराहपालनाच्या एकूण खर्चात सुमारे ७० ते ७५ टक्के खर्च खाद्याचा असतो. एक किलो वजन वाढायला साधारण ४ किलो कोरडे खाद्य लागते. १२ किलोचे पिल्लू ८० किलोचे करायचे तर ६८ किलो वाढीला सुमारे २७० किलो खाद्य झाले. हे सगळे विकत आणले तर नफा दुकानदाराच्या घरी जातो. म्हणून घरचा कोंडा, कणी, रताळ्याचे वेल, अळू आणि खरकटे यांवर जेवढी पोसतील तेवढीच डुकरे पाळावीत. लहान शेतकऱ्याला दोन ते चार पुरे.

पैदाशीच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. दोन महिन्यांची, दूध तुटलेली, चपळ पिल्ले खात्रीच्या ठिकाणाहून आणावीत. नर पिल्ले खच्ची केलेली असावीत, नाहीतर मांसाला उग्र वास येतो. यॉर्कशायर जातीचा संकर लवकर वाढतो, गावठी डुकरू काटक असते. नाताळचा बाजार साधायचा असेल तर पिल्ले मे महिन्यात आणा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी ती रुळतात आणि डिसेंबरपर्यंत विक्रीच्या वजनाला येतात. ८० किलोच्या जनावरापासून साफ केल्यावर ५६ ते ६० किलो मांस मिळते.

डुकरे मोकळी सोडू नका. उघड्यावरची घाण खाणाऱ्या डुकराच्या मांसात फीतकृमीच्या गाठी होतात. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले की माणसाच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतून पडलेली अंडी दूषित पाण्यातून, भाजीतून पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फेफरे येऊ शकते. म्हणून घरी संडास आणि डुकराला बंदिस्त घर, या दोन्ही गोष्टी हव्यातच.

घर साधे चालेल. जांभ्या चिऱ्याची कंबरेएवढी भिंत, वर कौले, खाली खडबडीत कोबा. मोठ्या जनावराला दीड ते पावणेदोन चौरस मीटर छपराखालची जागा लागते. कोब्याला उतार ठेवून पाणी बाहेर खड्ड्यात न्यावे. कोकणच्या पावसात अंग कोरडे राहिले पाहिजे आणि पाणी चोवीस तास प्यायला मिळाले पाहिजे.

आता खाद्य. घरगुती मिश्रण १०० किलो करायचे तर कणी ४५, चाळलेला बारीक कोंडा ३२, शेंगदाणा पेंड २१, क्षार मिश्रण दीड आणि मीठ अर्धा किलो घ्यावे. भरड तूस मिसळलेला कोंडा डुकराला पचत नाही. बुरशी आलेली पेंड तर कधीच घालू नये, दमट हवेत तिच्यात विष तयार होते. वाढत्या डुकराला अर्धे खाद्य हे मिश्रण आणि अर्धे शिजवलेले खरकटे व पाला असे द्यावे. अळू शिजवल्यावर त्याची खाज जाते. मात्र खरकट्यात तीन-चतुर्थांश पाणीच असते, त्यामुळे नुसत्या खरकट्यावर वजन धरत नाही. खारवलेले मासे, लोणच्याचा खार असले काही त्यात नको, जास्त मिठाने डुकरू मरते.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग आपल्या देशात २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला आणि २०२२ मध्ये केरळातही पोहोचला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांत शिरला तर बहुतेक सारा कळप जातो. त्यावर औषध नाही. त्याचे विषाणू मांसात, गोठवलेल्या मांसातसुद्धा, महिनोन्‌महिने टिकतात. म्हणजे हॉटेलचे एक बादलीभर कच्चे खरकटे वर्षाची मेहनत संपवू शकते. यासाठी डुकराचे मांस असलेले उष्टे आणूच नये आणि बाकीचे खरकटे उकळी आल्यावर ढवळत पूर्ण एक तास उकळावे. ज्याला रोज हंडा चढवणे जमणार नाही, त्याने खरकटे न घालणेच बरे.

साध्या डुकरज्वराची लस मात्र मिळते. ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने टोचून घ्यावी, जंतांचे औषधही द्यावे. जनावराने खाणे सोडले, अंग तापले, कानावर-पोटावर लाल-निळे चट्टे आले, तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. अशा वेळी आजारी डुकरू स्वस्तात विकून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळा. त्या मांसाबरोबर रोग शेजाऱ्याच्या घरात जातो. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याप्रमाणे खबर देणे हे मालकाचे कर्तव्यही आहे. मेलेले जनावर ओढ्यात टाकू नका. चुना घालून खोल पुरा.

शेवटी माझ्या विषयाकडे येतो. डुकराच्या खतात शेणखतापेक्षा स्फुरद जास्त असते. पेंढा, गवत, गिरिपुष्पाचा पाला यांच्याबरोबर थर देऊन ते तीन-चार महिने नीट कुजवावे आणि माड-पोफळीला घालावे. पालेभाजीला ताजे खत घालू नये.

पहिल्या वर्षी दोनच पिल्ले घ्या. विकत आणलेल्या पेंडीपासून लसीपर्यंतचा खर्च वहीत लिहा. नाताळनंतर हिशेब मांडा. पदरात काही उरले, तरच तिसऱ्या पिल्लाचा विचार करा.