यजमान, पाहुणा आणि करारपत्र

संगीत रचणाऱ्याच्या घरी एके काळी वाद्ये असत. आता पुष्कळदा नुसता एक संगणक असतो. त्या संगणकावर ध्वनिमुद्रणाचे एक मोठे सॉफ्टवेअर चालते आणि त्याच्या पोटात इतरांनी घडविलेली लहान लहान सॉफ्टवेअरे येऊन बसतात. एखादे व्हायोलिनचा नाद उत्पन्न करते, एखादे कोरड्या आवाजाला देवळाच्या गाभाऱ्यातला घुमारा देते, तर एखादे गायकाच्या आवाजातील खरखर तेवढी काढून टाकते. या लहान सॉफ्टवेअरांना त्या व्यवसायात ‘प्लगिन’ म्हणतात आणि त्यांना आश्रय देणाऱ्या मोठ्या सॉफ्टवेअरला ‘होस्ट’, म्हणजेच यजमान.

यजमान एका देशात लिहिला जातो, पाहुणा दुसऱ्या. दोघांच्या कर्त्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. तरीही त्यांचे संभाषण बिनचूक व्हावे लागते, आणि तेही विलक्षण घाईत. ध्वनीचे सेकंदाला 48,000 नमुने घेतले जात असतील आणि यजमान पाहुण्याच्या पानात एका वेळी 128 नमुने वाढीत असेल, तर तो घास संपवावयास पाहुण्याला जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकले नाही, की ऐकणाऱ्याच्या कानावर कडकन आवाज येतो आणि रागाचा, गीताचा, सगळ्याचाच विरस होतो. म्हणून कोणी काय विचारावे, कोणत्या क्रमाने विचारावे, उत्तर कोणत्या रूपात द्यावे, हे आधीच ठरलेले असावे लागते. या ठरावाला ‘प्रमाण’ म्हणतात. 2022 साली असे एक नवे प्रमाण प्रसिद्ध झाले तेव्हा प्लगिन लिहिणाऱ्या मंडळींत मोठी खळबळ उडाली. ती खळबळ वरवर पाहता तांत्रिक होती. परंतु तिचे मूळ एका करारपत्रात होते.

हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग या कंपनीने 1996 साली ‘व्हीएसटी’ नावाचे प्रमाण जाहीर केले आणि आपल्या क्यूबेस या सॉफ्टवेअरचे दार इतरांच्या कारागिरीला उघडून दिले. 1999 साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यामुळे केवळ आवाजावर संस्कार करणारी नव्हे, तर स्वतः वाजणारी वाद्येही पाहुणी म्हणून येऊ शकली. प्रतिस्पर्ध्यांच्या यजमानांनीही ती स्वीकारली. एकट्या माणसाने घरी बसून वाद्य लिहावे आणि ते जगभर वाजावे, हे त्या दुसऱ्या आवृत्तीमुळे शक्य झाले. आजही या व्यवसायातील जुनी माणसे तिच्याविषयी बोलताना किंचित हळवी होतात. तिसरी आवृत्ती 2008 साली आली. ती अधिक विस्तृत होती, पण अधिक अवघडही होती. 1983 पासून सर्व इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांशी ज्या ‘मिडी’ संकेतांनी बोलत आली, त्यांतील नियंत्रणाचे संकेत या आवृत्तीत पाहुण्यापर्यंत थेट पोचत ना. त्यासाठी कित्येकांनी सोळा वाहिन्या आणि प्रत्येकीवर सव्वाशेहून अधिक नियंत्रणे, अशी दोन हजारांवर खोटी कळसूत्रे आपल्या प्लगिनमध्ये निमूटपणे बसविली. ज्याने एकदा हे काम केले, त्याला तिसऱ्या आवृत्तीविषयी मत विचारण्याची आवश्यकता नसे.

तरी लोक हे सोशीत होते. खरी जखम 2018 साली झाली. त्या वर्षाच्या ऑक्टोबरनंतर दुसऱ्या आवृत्तीसाठी नवीन करारपत्र मिळणार नाही, असे कंपनीने ठरविले. ज्यांनी पूर्वी सही केली होती त्यांचा धंदा चालू राहिला. उशिरा जन्मलेल्या कारागिराला मात्र ते दार बंद झाले. पुढे जानेवारी 2022 मध्ये कंपनीने आणखी जाहीर केले, की 24 महिन्यांच्या आत तिची स्वतःची यजमान-सॉफ्टवेअरे दुसऱ्या आवृत्तीच्या पाहुण्यांना घरात घेणे थांबवतील. न्यायाने पाहता यात गैर काही नव्हते. प्रमाण त्यांचे, निर्णयही त्यांचा. आणि वीस-बावीस वर्षे जुनी वस्तू जन्मभर सांभाळावी असे बंधन कोणावरही घालता येत नाही. परंतु ज्याने आपल्या उमेदीची वर्षे त्या पायावर इमारत रचण्यात घालविली, त्याला त्या दिवशी कळून चुकले, की आपण बांधलेले घर आपले असले तरी जागा भाड्याची होती.

या पार्श्वभूमीवर जून 2022 मध्ये बर्लिनच्या दोन कंपन्यांनी ‘क्लॅप’ हे प्रमाण प्रसिद्ध केले. बिटविग ही यजमान लिहिणारी आणि यू-ही ही वाद्ये लिहिणारी. म्हणजे यजमान आणि पाहुणा एकाच चटईवर बसून बोलले होते. हे प्रमाण ‘एमआयटी’ परवान्याखाली देण्यात आले. हा परवाना जेमतेम तीन परिच्छेदांचा असतो. त्यासाठी सही लागत नाही, शुल्क लागत नाही आणि दिलेली प्रत पुढे कोणाला परत मागता येत नाही. अनेक विकासकांनी तांत्रिक मजकूर उघडण्यापूर्वी तो परवानाच आधी वाचला, आणि त्यांचा आनंद बहुतांशी तेथेच सुरू झाला.

मजकूरही त्यांना रुचला. तो साध्या ‘सी’ भाषेत मांडलेला होता, त्यामुळे रस्टसारख्या नव्या भाषांत काम करणाऱ्यांनाही त्याच्याशी जुळवून घेणे सोपे गेले. गाभा लहान आणि बाकी सर्व ऐच्छिक पुरवण्या, अशी त्याची रचना होती. आजच्या संगणकात अनेक गाभे एकाच वेळी काम करतात. यजमान आणि पाहुणे आपापली कामे त्यांवर स्वतंत्रपणे लादू लागले, की चुलीपाशी स्वयंपाकिणींची गर्दी व्हावी तसा प्रकार होतो. क्लॅपमध्ये पाहुणा आपले काम यजमानापुढे ठेवून ते वाटून देण्याची विनंती करू शकतो.

सर्वांत अधिक चर्चा झाली ती एकेका स्वराच्या स्वातंत्र्याची. तीन स्वर एकत्र वाजत असता त्यांतील एकालाच कंप द्यावा, एकाचीच मींड घ्यावी, बाकीचे दोन अचल ठेवावेत, ही सोय नव्या प्रमाणाच्या मुळातच होती. शिवाय वादकाने फिरवून ठेवलेली कळ जागच्या जागी राही आणि यजमानाने दिलेला बदल तिच्यावर वेगळा चढे. तो काढून घेतला की मूळ स्थिती जशीच्या तशी. व्हीएसटीच्या तिसऱ्या आवृत्तीतही स्वरागणिक अभिव्यक्तीची तरतूद होतीच, हे येथे सांगावयास हवे. नव्या प्रमाणाने ती अधिक सुटसुटीत केली, असे त्याचे चाहते म्हणत. भारतीय श्रोत्याला या चर्चेत काही अपरिचित वाटण्याचे कारण नाही. दोन सुरांमधली वाट हार्मोनियमला चालता येत नाही, हा आक्षेप भारतात फार जुना आहे. 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीवर त्या वाद्याला जी बंदी होती, तिच्यामागील कारणांत हेही एक होते.

मात्र सर्वांनीच टाळ्या वाजविल्या असे नाही. चौदा प्रमाणांचा गोंधळ मिटविण्यासाठी पंधरावे काढले, आणि मग प्रमाणे पंधरा झाली, अशा अर्थाचे एक व्यंगचित्र 2011 पासून संगणक-व्यावसायिकांत प्रसिद्ध आहे. त्याची आठवण कित्येकांनी करून दिली. हा केवळ विनोद नव्हता. ॲपलच्या यजमानासाठी ‘एयू’, प्रो टूल्ससाठी ‘एएएक्स’, इतरांसाठी व्हीएसटी, लिनक्सच्या मंडळींसाठी ‘एलव्ही2’. त्यांतून विंडोज, मॅक आणि लिनक्स निराळे. एक-दोन माणसांच्या दुकानाला यांतील प्रत्येक जोडी तपासून पाहावी लागते, आणि तपासणीत गेलेल्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही. अशा माणसाने ‘आणखी एक?’ असे विचारले, तर त्याला प्रतिगामी म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरी शंका अधिक कठीण होती. लॉजिक, प्रो टूल्स, ॲबल्टन लाइव्ह, क्यूबेस यांपैकी कोणीही त्या वेळी पुढे आले नव्हते. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातला हा प्रकार. यजमान म्हणत, पाहुणे कोठे आहेत? पाहुणे विचारीत, यजमान कोठे आहेत? यातून मार्ग निघाला तो मुख्यतः हौशी आणि मुक्त प्रकल्पांच्या श्रमातून. सर्ज एक्सटी या विनामूल्य वाद्याने नवे प्रमाण प्रारंभीच स्वीकारले. जूस या लोकप्रिय साधनसंचासाठी काहींनी आपणहून जोड तयार केली. पुढे क्लॅपमध्ये लिहिलेल्या प्लगिनवर व्हीएसटी किंवा एयूचे आवरण चढविण्याचीही सोय झाली. रीपरही आला, आणि 2024 साली एफएल स्टुडिओ व स्टुडिओ वन.

ऑक्टोबर 2025 मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटीच्या तिसऱ्या आवृत्तीचा 3.8 हा साधनसंच त्याच एमआयटी परवान्याखाली खुला केला. ज्या तीन परिच्छेदांसाठी कित्येकांनी घर बदलले होते, तेच परिच्छेद जुन्या घराच्या दारावर लागले. या निर्णयात नव्या प्रमाणाचा वाटा किती, यावर विकासकांचे एकमत होणे कठीण. काहींना वाटले, आता क्लॅपचे प्रयोजन संपले. काही म्हणाले, परवाना मिळाला, पण ती दोन हजार खोटी कळसूत्रे कोण काढणार?

दुसऱ्या आवृत्तीचे दार मात्र या खुलेपणात उघडले नाही. 2003 साली रचलेले एखादे गीत आज नव्या क्यूबेसमध्ये उघडले, आणि त्यातले वाद्य लिहिणारा मधल्या काळात व्यवसाय सोडून गेला असला, तर स्वरलिपी सारी जागेवर दिसते, वाद्याच्या जागी तेवढी ‘सापडत नाही’ अशी सूचना येते. अशा गीतांसाठी काही संगीतकार जुना संगणक फडक्याखाली झाकून ठेवतात आणि तो चालू आहे ना, हे मधून मधून पाहतात.