मेणवलीचे फडणीस : स्वागताध्यक्षीय भाषण



 वाईला लोक ढोल्या गणपतीच्या दर्शनाला येतात, मराठी विश्वकोशाचे गाव म्हणून येतात, पाचगणीच्या वाटेवर घटकाभर थांबतात. आपण मात्र जमाखर्चाची माणसे आहात, आणि येथून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. आपल्या व्यवसायात एवढा मोठा माणूस महाराष्ट्रात दुसरा झाला नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून स्वागताचे चार शब्द मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

शाळेच्या पुस्तकात नाना भेटतात ते साडेतीन शहाण्यांतले अर्धे शहाणे म्हणून. रंगभूमीवर भेटतात ते त्याहून वेगळे. पण पेशव्यांच्या दरबारात त्यांचा हुद्दा फडणिसाचा होता. राज्याचा जमाखर्च लिहून घेणे, तो तपासणे आणि शिल्लक जुळवणे हे त्यांचे वंशपरंपरागत काम. पुढची सगळी सत्ता त्यांना त्या कामातून मिळाली, असे मला वाटते.

नानांचे भानू घराणे मूळचे कोकणातले, बाणकोटच्या खाडीजवळच्या वेळासचे. गावचे महाजन. पलीकडे श्रीवर्धनला भट घराणे देशमुखीवर होते. जंजिऱ्याच्या सिद्दीचा जाच असह्य झाला तेव्हा बाळाजी विश्वनाथ भट देश चढून वर आले आणि त्यांच्याबरोबर हरी महादेव, बाळाजी महादेव आणि रामाजी महादेव हे भानू बंधूही आले. आम्हाला भाकरी मिळाली तर त्यातली चतकोर तुमची, असे भटांनी भानूंना वचन दिल्याची आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळाली आणि फडणिशी भानूंच्या घरी आली. १७१९ मध्ये पेशवे दिल्लीला गेले असताना तेथे दंगल उसळली आणि तीत बाळाजी महादेव मारले गेले. हे नानांचे आजोबा. फडणिशीची किंमत या घराण्याने पहिल्याच पिढीत रक्ताने मोजली.

त्यांचे चिरंजीव जनार्दनपंत, आणि जनार्दनपंतांचे चिरंजीव बाळाजी जनार्दन, म्हणजे आपले नाना. जन्म साताऱ्याचा, १२ फेब्रुवारी १७४२ चा. वडील गेले तेव्हा नाना चौदा वर्षांचे होते. त्या वयात दौत-लेखणी हाती आली. एकोणिसाव्या वर्षी सदाशिवरावभाऊंबरोबर ते पानिपतावर होते, आई आणि पत्नीसह. पत्नी कशीबशी परत आली, आई मात्र त्या धामधुमीत हरपली. नानांनी स्वतःच्या पूर्वायुष्याची हकिगत लिहून ठेवली आहे. त्या काळी आपल्याकडे फारसे कोणी आत्मचरित्र लिहीत नसे. तीत पराभवाची, पळापळीची आणि आईची आठवण आहे, आणि स्वतःच्या भित्रेपणाची, मोहाची कबुलीही आहे. स्वतःच्या नावावरची बाकीसुद्धा न लपवता लिहिणारा हा माणूस होता.

पुढचे राजकारण आपण जाणता. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून, बारभाईंचे कारस्थान, पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म, इंग्रजांशी लढाई, १७८२ चा सालबाईचा तह, १७९५ ची खर्ड्याची लढाई. त्यात मी शिरत नाही. मला आपल्याला दफ्तरात न्यायचे आहे.

हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत. रोजचा व्यवहार फडावर रोजकिर्दीत उतरे. बेहेडा म्हणजे पुढच्या सालाचे अंदाजपत्रक. मागच्या सालांच्या प्रत्यक्ष आकड्यांवरून एकेका महालाचा वसूल किती यावा आणि खर्च किती व्हावा, हे तेथे ठरे. एकबेरीज नावाची शाखा पुण्यातच बसे. सगळ्या शाखांचे कागद तिच्याकडे येत, आणि ती जमा, खर्च आणि शिल्लक यांचा वार्षिक तर्जुमा, म्हणजे गोषवारा, करी, शिवाय बाबवार खतावणी लावी. आपल्यापैकी कोणालाही या पद्धतीत परके वाटणार नाही.

मला याहून मोठी वाटते ती परगण्यातली व्यवस्था. मामलेदार नेमताना सरकार त्याच्याकडून रसद म्हणून आगाऊ रक्कम घेई. तो वसुलीला लागला की त्याच्या शेजारी दरखदार बसत: दिवाण, मजमुदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, चिटणीस. त्यांना मामलेदाराने नेमलेले नसे आणि त्याला त्यांना काढताही येत नसे. हिशेब हुजुरात जायचा तो त्यांच्या हाताखालून. शिवाय देशमुख-देशपांड्यांचे स्वतंत्र कागद असत, आणि मामलेदाराचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहत. खर्च करणारा एक, लिहिणारा दुसरा, तपासणारा तिसरा. अंतर्गत नियंत्रण म्हणून आज आपण जे शिकवतो ते याहून वेगळे काय आहे? ही घडी नानांनी एकट्याने बसवली नाही. थोरल्या माधवरावांचा तीत मोठा वाटा आहे. पण ती पंचवीस-तीस वर्षे मोडू न देण्याचे श्रेय नानांचे. लढाई चालू असतानाही दफ्तराचे काम थांबले नाही.

नाना गेले आणि काय झाले, हे पाहिले म्हणजे त्यांचे मोल कळते. दुसऱ्या बाजीरावाने महाल मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त बोली बोलेल त्याचा महाल. मक्तेदाराला हिशेब विचारायचा कशाला? दफ्तर ओस पडत गेले. १८१९ च्या आपल्या अहवालात इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने या शेवटच्या पेशव्यापर्यंत दफ्तर उत्तम स्थितीत होते, अशी नोंद केली आहे. शत्रूने दिलेल्या या दाखल्याला मी फार किंमत देतो. राज्य १८१८ मध्ये बुडाले, पण हिशेब त्याच्या बराच आधी बुडाला होता.

मित्रहो, नानांचा गौरव करताना त्यांचा दोष झाकणे आपल्या व्यवसायाला शोभणार नाही. १७९१ मध्ये पुण्याच्या कोतवालाने, घाशीरामाने, परगावच्या ब्राह्मणांना कोंडून घातले आणि त्यातले कितीतरी गुदमरून मेले. चिडलेल्या लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठार केले. मामलेदाराच्या प्रत्येक रुपयावर चार जणांची नजर ठेवणाऱ्या नानांनी स्वतःच्या विश्वासातल्या कोतवालावर कोणाचीच नजर ठेवली नव्हती. माझ्या मते ही त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती तपासणीचीच चूक आहे. विश्वासातल्या माणसाचे कागद आपण सैल हाताने पाहतो का, हा प्रश्न या परिषदेत आपण एकमेकांना विचारावा.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. सवाई माधवराव १७९५ मध्ये गेले. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी नानांना कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. तेथून सुटून ते पुन्हा कारभारात आले आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले. त्यांची नऊ लग्ने झाली, पण वंश चालवायला मुलगा राहिला नाही. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी जिऊबाई, वय अवघे नऊ वर्षांच्या आसपास. बाजीरावाचा डोळा नानांच्या संपत्तीवर आणि या मुलीवरही होता. लोहगडावर धोंडो बल्लाळ नित्सुऱ्यांनी तिला सांभाळले. पुढे इंग्रजांशी बोलणी होऊन सालिना बारा हजारांची नेमणूक मिळाली. काही वर्षे पनवेलीस काढून जिऊबाई अखेर मेणवलीस परतल्या. त्यांनी दत्तक घेतला, घर राखले आणि १८५४ पर्यंत त्या जगल्या. भानूंच्या इतिहासात या बाईंचे नाव नानांच्या लगोलग घेतले पाहिजे. आपण ते फारच कमी घेतो.

नानांचे खासगी दफ्तर मेणवलीलाच राहिले. साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी त्यातले कागद मिळवले, छापले. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी नानांचे चरित्र लिहिले. सरकारी दफ्तर पुण्यात जपले गेले आणि त्यातून गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० नंतर निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. मराठ्यांचा इतिहास आज आपल्याला साधार सांगता येतो, कारण कोणा कारकुनाने त्या त्या दिवशी रोजकीर्द लिहिली होती. पुण्याच्या दफ्तरातले हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, अजून वाचायचे राहिले आहेत, कारण मोडी वाचणारी माणसे थोडी आहेत.

परिषदेच्या सत्रांतून वेळ काढून आपण सर्वांनी मेणवलीला जरूर जावे. सहा चौकांचा वाडा, भिंतींवरची चित्रे, कृष्णेचा चंद्रकोरीसारखा घाट, मेणेश्वराचे देऊळ आणि चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत मिळालेली, मेरीमातेची आकृती असलेली मोठी घंटा, हे सारे तेथे पाहायला मिळेल. सोबतीला आमचे स्वयंसेवक असतील.

आणि यजमान म्हणून एक मागणे. कामानिमित्त आपण जुन्या पेढ्यांवर, आडतीच्या दुकानांत, वाड्यांत जाता. कंपनी कायद्याला आठ वर्षांचे हिशेब पुरतात. त्याआधीच्या चोपड्या माळ्यावर पडतात आणि घर पाडताना रद्दीत जातात. लाल कापडाच्या बांधणीतली मोडी वही कोठेही दिसली तर मालकाला थांबवा, आणि ती पुण्याच्या पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात पोहोचेल असे करा. हे काम इतिहासाच्या प्राध्यापकाआधी आपल्याच हातून होऊ शकते, कारण ती वही सर्वांत आधी आपल्याच दृष्टीस पडते.