प्रकाशगोळा बुडाकडून ओळखावा



१९ ऑगस्ट १९४२ ची पहाट. पावणेचारचा सुमार. ब्रिटिश कमांडोंच्या २३ लहान नावा इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधल्या दिएप बंदराजवळच्या किनाऱ्याकडे चालल्या होत्या. त्यांचा सगळा भरवसा अंधारावर. वाटेत किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारा एक जर्मन ताफा आडवा आला आणि बघता बघता आभाळात पांढराफेक उजेड फुटला. मग तोफा सुरू झाल्या. त्या २३ नावांपैकी जेमतेम सात किनाऱ्याला लागल्या. उजेड पाडणाऱ्या गोळ्यानं स्वतः काही उडवलं नव्हतं. त्यानं फक्त दाखवून दिलं होतं.

या गोळ्याला जर्मन भाषेत ‘लॉयख्टग्रानाटं’ म्हणतात. आपण प्रकाशगोळा म्हणू. जर्मन आरमाराला त्याची किंमत फार लवकर कळली होती. ३१ मे १९१६ ला ब्रिटिश आणि जर्मन आरमारांत जटलंडची लढाई झाली, तेव्हा रात्रीच्या चकमकींत जर्मन जहाजं असे गोळे वापरत होती. ब्रिटिशांकडे त्या तोडीचं काही नव्हतं, त्यांची मदार सर्चलाइटवर. सर्चलाइटची अडचण अशी, की तो शत्रूला उजेडात आणतो आणि आपलं ठिकाणही सांगून टाकतो. गोळ्याचा उजेड फुटतो दूर, शत्रूच्याही पलीकडे. त्या उजेडासमोर शत्रूचं जहाज काळ्या आकृतीसारखं उठून दिसतं आणि गोळा सोडणारा मात्र अंधारातच राहतो.

आता याची रचना पाहू. गोळ्याच्या टोकाला वेळेचा फ्यूज असतो. ठरलेले सेकंद भरले, की तो आतली थोडीशी दारू पेटवतो. ती दारू गोळा फोडत नाही, आतला ऐवज मागं ढकलते. गोळ्याचं बूड निघून पडतं आणि मागून बाहेर येतं एक पेटलेलं नळकांडं, पॅराशूटला टांगलेलं. दिवाळीत पॅराशूट सोडणारा बाण मिळतो, त्याच जातीचा हा प्रकार. नळकांड्यातला मसाला म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियमची भुकटी आणि तिला जळायला प्राणवायू पुरवणारं नायट्रेट. समुद्रावर मैलभर उजेड पाडत ते सावकाश खाली येतं.

अशा एखाद्या गोळ्याचं गंजलेलं कवच ऐंशी वर्षांनी हाती आलं, तर ते ओळखायचं कसं? पहिला विचार मापाचा येतो. जर्मन आरमाराच्या नेहमीच्या तोफा ८.८, १०.५, १२.७ आणि १५ सेंटिमीटरच्या. ८.८ च्या तोफा अनेक पाणबुड्यांवर, १२.७ च्या विनाशिकांवर, १५ च्या हलक्या क्रूझरांवर आणि मोठ्या युद्धनौकांच्या दुय्यम तोफखान्यात. पण कॅलिपर लावला की घोळ सुरू होतो. कागदावर १२.७ सेंटिमीटर म्हटलेल्या तोफेचं खरं माप १२८ मिलिमीटर, आणि विमानविरोधी पथकांच्या तोफाही १२८ च्याच. १५ ची तोफ प्रत्यक्षात १४९ मिलिमीटरची, आणि लष्कराची हॉवित्झरही तेवढीच. म्हणजे मापानं गोत्र कळतं, घर कळत नाही.

मग खुणा. आरमारानं तपासून घेतलेल्या मालावर गरुड आणि त्याच्याखाली ‘एम’ हे अक्षर ठोकलेलं आढळतं. लष्कराचा शिक्का वेगळा. ‘एल/४,४’ असं काही लिहिलेलं असेल, तर गोळ्याची लांबी त्याच्या व्यासाच्या ४.४ पट आहे. १०.५ सेंटिमीटरच्या गोळ्यासाठी हे सुमारे ४६ सेंटिमीटर झाले. कारखान्याचं नाव बहुधा मिळत नाही, तीन अक्षरांचा सांकेतिक शब्द मिळतो. गोळ्याभोवती बसवलेल्या धातूच्या पट्ट्याजवळ ‘एफईएस’ दिसलं, तर पट्टा तांब्याचा नसून लोखंडाच्या भुकटीपासून घडवलेला आहे. युद्धात तांब्याची चणचण वाढत गेली, तिची ही खूण. या सगळ्या खुणा उपयोगी आहेत, पण गंज आधी त्यांनाच खातो. रंगाचं तर नावच नको. समुद्रात पडलेल्या गोळ्यावर मूळ रंग शोधणं व्यर्थ, आणि संग्रहात आलेल्या गोळ्यावर मागाहून कुणी रंगाचा हात फिरवलेला असू शकतो.

राहते ती बांधणी. स्फोटक गोळ्याचं पोलाद जाड असतं आणि बूड एकसंध, नाहीतर तिथं बुडाचा फ्यूज बसवलेला. फुटल्यावर त्याच्या ठिकऱ्या होतात. प्रकाशगोळ्याची भिंत त्या मानानं पातळ, कारण आतल्या नळकांड्याला जागा हवी. त्याचं बूड वेगळं करून बसवलेलं असतं, आतून ठरावीक जोर आला की सुटेल इतपतच पक्कं. टोकाच्या फ्यूजवर सेकंदांच्या आकड्यांचं कडं असेल, तर तो वेळेचा फ्यूज. विमानविरोधी स्फोटक गोळ्यालाही असाच फ्यूज लागतो, म्हणून एकट्या फ्यूजवरून निकाल देता येत नाही. बूड मात्र फसवत नाही.

त्यानंतर पट्टा पाहावा. तोफेच्या नळीतून गेलेल्या गोळ्याच्या पट्ट्यावर नळीतल्या आट्यांच्या तिरप्या खाचा उमटतात. खाचा आहेत, भिंत अखंड आहे, बूड गायब आहे आणि आत पोकळी आहे, तर गोळ्यानं आपलं काम केलेलं आहे. पट्टा गुळगुळीत आहे, तर गोळा कधी झाडलाच गेला नाही. आणि पट्ट्यावर खाचा असून बूड जागच्या जागी आहे, तर तो झाडलेला पण न चाललेला गोळा. त्यातली दारू आणि मसाला आतच आहेत. तिन्हींत सर्वांत घातक तो हाच. त्याला हात लावू नये, हलवू नये, घासून अक्षरं वाचायचा मोह तर मुळीच धरू नये. लांबून फोटो घ्यावा आणि पोलिसांना कळवावं.

हा विषय इतिहासापुरता उरलेला नाही. जर्मनीच्या उत्तर आणि बाल्टिक समुद्रात सुमारे १६ लाख टन जुना दारूगोळा पडून आहे, त्यातला बराचसा युद्ध संपल्यावर मुद्दाम बुडवलेला. २०२४ साली ल्युबेकच्या उपसागरात तो वर काढून निकामी करण्याचे प्रयोग सुरू झाले. वर आलेली वस्तू स्फोटक आहे की उजेडाची, हे ठरल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही, कारण टीएनटी आणि मॅग्नेशियम यांची विल्हेवाट एकाच रीतीनं लावता येत नाही.

संग्रहालयात नोंदी करणाऱ्यांनाही एक विनंती आहे. आधी गोळा निकामी असल्याची जाणकाराकडून खात्री करून घ्या. मग ‘जर्मन तोफगोळा, १०.५ सेंटिमीटर’ एवढं लिहून थांबू नका. बूड आहे की नाही, भिंत किती जाड, पट्ट्यावर खाचा किती, हे तीन रकाने भरा. शिक्के झिजून गेले तरी या तीन नोंदींवरून पुढचा अभ्यासक त्या गोळ्याची जात ठरवू शकेल.