स्वयंपूर्ण पान : तांत्रिक लेखनातील घटकरचना



ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली त्या शाळेच्या व्यासपीठावरून, आणि ज्यांनी मला विज्ञान शिकवले त्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ, चार शब्द बोलण्याची संधी मिळाली हा मी माझा बहुमान समजतो. मराठीचा प्राध्यापक संतवाङ्मयावर किंवा कादंबरीवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज यंत्राबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेविषयी बोलणार आहे. त्याचे कारण वैयक्तिक आहे. ते सांगताना संकोच वाटतो, तरी ते सांगितलेच पाहिजे.

निवृत्तीनंतर माझा एक माजी विद्यार्थी माझ्याकडे एक काम घेऊन आला. येथील एका कारखान्याची मळणीयंत्रे खानदेशात विकली जाणार होती आणि त्यांची पुस्तिका मराठीत हवी होती. मी ती मोठ्या उत्साहाने लिहिली. दक्षतेच्या सर्व सूचना पहिल्या प्रकरणात एकत्र दिल्या. पुढे पुनरुक्ती टाळण्यासाठी "वर सांगितल्याप्रमाणे" असे म्हणत गेलो. एकच शब्द वारंवार येऊ नये म्हणून एकाच वस्तूला कुठे 'खटका', कुठे 'कळ', तर कुठे 'बटण' म्हटले. आयुष्यभर विद्यार्थ्यांना मी हेच शिकवले होते. पुस्तिका छापून आली तेव्हा तिची भाषा प्रवाही असल्याचे अभिप्राय आले आणि मी सुखावलो.

पुढच्याच हंगामात एका शेतमजुराचा हात यंत्रात सापडला. हात वाचला, पण दोन बोटे कायमची अधू झाली. पेंढा अडकला म्हणून त्याने पुस्तिका उघडली होती. त्या जागी माझे वाक्य होते : "वर सांगितलेली दक्षता घेऊन झाकण उघडावे व अडकलेला पेंढा काढून टाकावा." ती दक्षता सदतीस पाने मागे होती. मला कोणीही दोष दिला नाही. माझा विद्यार्थी एवढेच म्हणाला, "सर, त्याने एकेचाळिसावे पान तेवढे उघडले होते." त्या वाक्याने मला पुन्हा विद्यार्थी केले.

आपण साहित्याची माणसे वाचकाची एक प्रतिमा मनात धरून लिहितो. तो पहिल्या पानापासून आरंभ करतो, मागचे लक्षात ठेवतो आणि शेवटपर्यंत आपल्यासोबत येतो. यंत्रापुढे उभा असलेला माणूस तसा नसतो. त्याचे हात तेलाने माखलेले असतात, काम खोळंबलेले असते आणि त्याला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते. तो मधलेच पान उघडतो आणि उत्तर मिळताच पुस्तिका मिटतो. म्हणून ते पान स्वतःपुरते पूर्ण असले पाहिजे. ज्याला घटकबद्ध किंवा संरचित लेखन म्हणतात, त्याचा पाया हा आहे.

या लेखनपद्धतीला आज जगभर मान्य असे नियम आहेत. आयबीएम कंपनीत आकाराला आलेली 'डिटा' ही पद्धत ओएसिस या मानकसंस्थेने २००५ साली मान्य केली. एक्सएमएल या खुणांच्या भाषेवर ती उभी आहे. एक्सएमएलमध्ये मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला त्याच्या कार्याचे नाव देता येते : हे शीर्षक, ही पायरी, हा इशारा. अक्षर ठळक असावे की तिरपे, हा विचार लेखकाने करायचा नसतो, तो पुढे छपाईच्या वेळी होतो. लेखकाने सांगायचे ते एवढेच, की हे वाक्य कोणत्या कामाचे आहे.

'डिटा'मध्ये घटकांचे तीन मूळ प्रकार आहेत आणि ते वाचकाच्या तीन प्रश्नांशी जुळतात. "हे काय आहे?" याचे उत्तर संकल्पना-घटक देतो. "हे कसे करायचे?" याचे उत्तर कृती-घटक देतो. "नेमके किती, कोणते?" याचे उत्तर संदर्भ-घटक देतो आणि ते बहुधा तक्त्याच्या रूपात असते. एका घटकाने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. माझ्या पुस्तिकेत ड्रमचे वर्णन, तो साफ करण्याची रीत आणि त्याच्या फेऱ्यांची संख्या ही तिन्ही एकाच सुंदर परिच्छेदात गुंफलेली होती. वाचकाला त्यांतून हवा तो धागा सोडवून घ्यावा लागत होता.

विद्यार्थ्याच्या हाताखाली बसून मी ते पान पुन्हा लिहिले. ते असे झाले :

अडकलेला पेंढा काढणे.
सावधान : ड्रम फिरत असताना झाकण उघडू नका. हाताला गंभीर इजा होईल.
१. मुख्य खटका बंद करा.
२. ड्रम पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा.
३. झाकण उघडा.
४. लाकडी दांडक्याने पेंढा काढा. आत हात घालू नका.
५. झाकण घट्ट बसवा.
६. मुख्य खटका चालू करा.
परिणाम : ड्रम अडथळ्याशिवाय फिरू लागतो.

यात शैली नाही, असे आपल्याला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पण प्रत्येक पायरीत एकच क्रिया आहे, इशारा क्रियेच्या आधी आहे आणि खटका शेवटपर्यंत खटकाच राहिला आहे. ललित लेखनात शब्दांचे वैविध्य हा गुण असतो. येथे दुसरा शब्द आला की वाचक दुसरी वस्तू शोधू लागतो.

आता एक शंका येते. प्रत्येक पान स्वयंपूर्ण करायचे, तर तोच इशारा नऊ ठिकाणी लिहावा लागेल. उद्या यंत्राच्या झाकणाला कुलूप बसवले, तर नऊ ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल, आणि अनुभव असा, की आठ ठिकाणी होते व नववी राहून जाते. यावर उपाय असा : इशारा एकाच जागी लिहून ठेवायचा आणि नऊ घटकांनी त्याला तेथून बोलावून घ्यायचे. वाचकाला तो नऊ वेळा दिसतो, लेखकाकडे मात्र तो एकदाच असतो. मूळ जागी दुरुस्ती केली आणि पुस्तिका पुन्हा तयार केली, की सर्वत्र दुरुस्ती होते. गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तीन आवृत्त्या काढणाऱ्याला तर याचा फार मोठा लाभ होतो, कारण जो घटक बदललेला नाही, त्याचे भाषांतर पुन्हा करावे लागत नाही.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे. सुटे घटक कोणत्या क्रमाने आणि कोणत्या नात्याने यावेत, हे सांगणारा आराखडा वेगळा लिहावा लागतो. 'डिटा'त त्याला 'मॅप' म्हणतात. हे वाचताना मला माझ्या अभ्यासविषयाची, महानुभाव वाङ्मयाची, आठवण झाली. केसोबासांनी चक्रधरस्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. त्यांच्या दृष्टान्तपाठात ११४ दृष्टान्त आहेत आणि सूत्र, दृष्टान्त, दार्ष्टान्तिक अशी त्यांची ठरलेली त्रिपदी आहे. परंतु सुटे झालेले सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागेना. म्हणून 'प्रकरणवश' या ग्रंथाने ते प्रसंग नोंदवले. तांत्रिक पुस्तिकेचे सर्व शास्त्र आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, असा दावा मी मुळीच करणार नाही. वचन सुटे केले की संदर्भ जपण्याची जबाबदारी वाढते, एवढाच धडा मी त्यातून घेतो.

ही दृष्टी या शहराला परकी वाटू नये. १८९० साली येथे कलाभवन उभे राहिले, तेव्हा त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह हाच होता, की हाताने काम करणाऱ्याला त्याचे शास्त्र त्याच्या भाषेत मिळावे. ते मिळायचे तर त्या भाषेत नेमके लिहिणारी माणसे हवीत, आणि ती शाळेतच घडतात.

सरांनी तो प्रयत्न याच इमारतीत केला होता. विज्ञानाच्या वहीत प्रत्येक प्रयोग नव्या पानावर हवा आणि साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे चार भाग त्याच क्रमाने हवेत, असा त्यांचा दंडक होता. आठवीत असताना कंटाळून मी एका प्रयोगाखाली लिहिले, "कृती : मागील प्रयोगाप्रमाणे." सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले, "मागील पान फाटले तर?" मला ती शिस्तीची बाब वाटली होती. तिचा अर्थ कळायला मला साठी ओलांडावी लागली, आणि त्याची किंमत मोजली ती दुसऱ्याच कोणी तरी.

म्हणून शाळेला माझी एक विनंती आहे. निबंध अवश्य लिहून घ्यावा, पण त्याबरोबर नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून वर्षातून एक कृती लिहून घ्यावी. गॅसची टाकी बदलणे, पाण्याचा पंप सुरू करणे, सायकलची चेन बसवणे, काहीही चालेल. मग तो कागद दुसऱ्या वर्गातील मुलाच्या हाती द्यावा आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली त्याला ती कृती करायला सांगावी. लिहिणाऱ्याने जवळ उभे राहावे, पण बोलू नये. वाचणारा जेथे अडखळेल, तेथे लिहिणाऱ्याने स्वतःच लाल रेघ ओढावी.

सरांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.