मंद चालीची विद्या
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने संतवाङ्मय, नाट्यसंगीत, गेला बाजार परप्रांतातील मराठी माणसाचे भवितव्य, यांपैकी एखादा विषय निवडावा, अशी रूढी आहे. मासेमारीची लहान होडी हळू कशी चालवावी, हा आमचा विषय ऐकून कार्यकारिणीतील काही स्नेह्यांच्या भुवया उंचावल्या, हे आम्ही पाहिले. आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्रविद्येत आमचा अधिकार नाही. तथापि सीमाशुल्क खात्याच्या चाकरीत आमची बहुतेक हयात बंदरांवर गेली. धक्क्यावर तांडेल, खलाशी आणि इंजिनाचे मिस्त्री यांच्या तोंडून जे ऐकले व डोळ्यांनी पाहिले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. ज्या कोचीने आपल्याला आसरा दिला, तिच्या किनाऱ्यावर कित्येक कुटुंबांची चूल या विद्येवर पेटते. तेव्हा विषय अगदीच अप्रस्तुत नव्हे.

प्रथम एका शब्दाचा घोळ मिटवू. पावसाळा आला की येथील वर्तमानपत्रांत ‘ट्रोलिंगबंदी’चे मथळे झळकतात. ही बंदी केरळात १९८८ पासून सुरू झाली. पण ती ज्या मासेमारीवर असते ती ट्रोलिंग नव्हे, ट्रॉलरची. म्हणजे समुद्रतळ खरवडत पिशवीसारखे मोठे जाळे ओढण्याची. कोल्लमजवळच्या नीण्डकरा येथे १९५२ च्या करारानुसार भारत-नॉर्वे प्रकल्प आला, आणि यांत्रिक होड्यांच्या मागोमाग ती पद्धत या किनाऱ्यावर फोफावली. आमचा विषय त्याच्या अगदी उलट आहे. चालत्या होडीमागे दोन-चार दोऱ्या सोडायच्या, त्यांच्या टोकांना गळ व आमिष लावायचे आणि पाण्याच्या वरच्या थरातील सुरमई, कुप्पा, गेदर यांना भुलवायचे, ही ओढत्या गळाची मासेमारी. यात एका गळाला एक मासा. तळाची नासाडी नाही, पिल्लांचा संहार नाही. मिनिकॉय बेटावरील लोक बांबूच्या काठीने कुप्पा पकडतात, त्याच काटकसरी कुळातील हा धंदा.

या धंद्यात सारे यश चालीवर अवलंबून असते. चकाकणारे कृत्रिम आमिष असेल, तर साधारण ४ ते ७ नॉटची चाल सुरमईला व कुप्प्याला मानवते. पण गळाला खराखुरा बांगडा किंवा तारली लावली, तर चाल २ ते ३ नॉटपर्यंत, कधी त्याहूनही खाली आणावी लागते. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.) वेग जास्त झाला की आमिष पाण्यावर उड्या मारते, गरगर फिरते, दोरीला पीळ पडतो आणि मासा फसत नाही. जिवंत आमिष असेल तर ते ओढूनच मरते.

मग इंजिन हळू करावे, त्यात काय मोठेसे? असे आपणांस वाटेल. अडचण तेथेच आहे. शिडाच्या व वल्ह्यांच्या काळात हळू चालणे आपोआप घडे. धडपड वेगासाठी होती. १९८० नंतरच्या दशकात येथील देशी होड्यांना आउटबोर्ड इंजिने लागली. बाजार गाठायचा, वादळापूर्वी किनारा गाठायचा, म्हणून इंजिने मोठी होत गेली. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला लागणारी शक्ती साधारण घनाच्या प्रमाणात. म्हणजे ६ नॉटला जितकी शक्ती लागते, तिचा आठवा हिस्साच ३ नॉटला पुरतो. जे इंजिन घाईसाठी घेतले, ते सावकाशीसाठी फारच मोठे ठरते.

एक छोटा हिशेब करू. पंखा एका फेऱ्यात जितके अंतर पुढे कापू पाहतो, त्याला पिच म्हणतात. समजा पिच १३ इंच आहे, इंजिन अगदी मंद म्हणजे मिनिटाला ७०० फेरे घेत आहे आणि गिअरमुळे पंखा त्याच्या निम्मे, ३५० फेरे फिरतो. कागदावर वेग निघतो पावणेचार नॉट; पाण्यातील घसर वजा केली तरी तीनच्या आसपास उरतो. इंजिन याहून मंद केले तर ते बंद पडते. तोच पंखा १० इंच पिचचा बसविला, तर कागदावरचा वेग तीन नॉटच्या आत येतो. कमी पिचचा पंखा हा म्हणून पहिला उपाय. मात्र परतीच्या वाटेवर होडीचा सर्वाधिक वेग त्यामुळे घटतो, आणि इंजिन मर्यादेबाहेर फिरू नये यासाठी हात आवरता ठेवावा लागतो.

दुसरा उपाय, मोठ्याच्या शेजारी एक छोटे इंजिन बसविणे. गळ ओढताना छोटे, घरी येताना मोठे. इंधन वाचते, आणि एक बिघडले तर दुसरे घरी आणते. खर्च मात्र दुप्पट नसला तरी दीडपट होतो. तिसरा उपाय, पंख्यामागे लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी आडवी बसविणे, म्हणजे पंख्याने फेकलेले पाणी अडते. ही पट्टी वर उचलण्याचे विसरून कोणी एकदम वेग दिला, तर ती वाकते किंवा तुटते. मोठ्या होड्यांच्या गिअरपेटीत क्लच थोडा घसरू देणारा व्हॉल्व्ह बसविता येतो. पण तो मंद फेऱ्यांवरच वापरायचा, एरवी तेल तापून गिअरपेटी जळते. काही जण इंजिन क्षणभर गिअरमध्ये, क्षणभर न्यूट्रलमध्ये ठेवतात. फुकटाचा उपाय हा, पण आमिष कधी धावते, कधी बुडते. आणि गिअरची झीज होते ती वेगळीच.

गरिबांचा खरा उपाय म्हणजे पाण्यातला लगाम. कापडाची शंकूसारखी पिशवी, किंवा बुडाला भोके पाडलेली जुनी बादली, दोराने बांधून पाण्यात सोडायची. ढोबळ हिशेबाने, तीन नॉटच्या चालीला एक मीटर व्यासाची पिशवी शंभर किलोपेक्षा अधिक ओढ देते, अर्ध्या मीटरची तिच्या चौथ्या हिश्शाइतकी आणि साधी बादली दहा किलोच्या आसपास. म्हणून दोर किरकोळ खुंटीला न बांधता होडीच्या भक्कम खांबालाच बांधला पाहिजे.

या पिशवीविषयी जुने तांडेल जे सांगतात, ते नव्या पिढीने गाठीशी बांधावे. पिशव्या दोन असाव्यात, दोन्ही बाजूंस एकेक, होडीच्या मध्याच्या थोड्या पुढून सोडलेल्या. म्हणजे तोंड सरळ राहते. दोर इतका आखूड हवा की तो काही केल्या पंख्यापर्यंत पोहोचू नये. पिशवीच्या शेपटीला दुसरी बारीक दोरी असावी. ती ओढली की पिशवी उलटी होऊन पाणी सांडते आणि ती हलकी वर येते. सर्वांत मोठा धोका पंख्यात दोर अडकण्याचा. इंजिन थांबते, होडी लाटेला आडवी होते, आणि मग आत येणारे पाणी उपसायला हात कमी पडतात. मासा गेला तर दुसरा मिळेल. माणूस गेला तर ते घर उघडे पडते. शिवाय मंद चालीत सुकाण्यावर पाण्याचा मारा कमी असतो, त्यामुळे होडी सांगितलेले ऐकत नाही. मोठ्या जहाजांच्या वाटेवर किंवा बंदराच्या तोंडाशी हा प्रयोग करू नये.

इंजिनाचीही तक्रार ऐकली पाहिजे. तासन्‌तास मंद चाललेल्या डिझेल इंजिनात काजळी धरते. दोन-स्ट्रोकच्या आउटबोर्डचे प्लग माखतात. मधूनमधून दोऱ्या आवरून, पिशव्या आत घेऊन, काही मिनिटे इंजिनाला मोकळे धावू द्यावे.

शेवटी वेग मोजण्याविषयी. आज लहान होडीवरही उपग्रहाच्या साहाय्याने वेग दाखविणारे यंत्र असते. पण ते जमिनीच्या तुलनेतला वेग सांगते, आणि मासा राहतो पाण्यात. एक नॉटच्या प्रवाहाबरोबर जाताना यंत्र ४ दाखवीत असले, तर आमिष पाण्यातून ३ नेच जाते. उलट फिरल्यावर तोच ४ आकडा ५ चा होतो. म्हणून जाणता तांडेल यंत्राकडे एकदा आणि दोरीच्या थरथरीकडे दहादा पाहतो. तो होडी नागमोडी नेतो: वळताना आतल्या बाजूचे आमिष मंदावते, बाहेरचे धावते. मासा कोणत्या बाजूस लागला, यावरून त्या दिवशीची चाल त्याला कळते.

कोणत्याही शाळेत न शिकविलेली ही विद्या बापाकडून मुलाकडे आली. मुलांच्या हाती आता अधिक शक्तीची इंजिने आहेत आणि इंधन महाग आहे. अशा वेळी ती विद्या लोपली, तर तळ खरवडणाऱ्या जाळ्याखेरीज त्यांच्यापुढे फारसा पर्याय उरणार नाही, ही आमची खरी चिंता आहे. आपल्यापैकी कोणी अभियंते आहेत, कोणी बँकांत अधिकारी आहेत, कोणी शिक्षक आहेत. किनाऱ्यावरच्या एखाद्या मच्छीमार सोसायटीला योग्य पंखा निवडण्याचा हिशेब समजावून देणे किंवा छोट्या इंजिनाच्या कर्जाचा अर्ज लिहून देणे, एवढे तरी आपल्या मंडळाला सहज करता येईल. ज्या भूमीचे मीठ आपण पन्नास वर्षे खाल्ले, तिच्यासाठी एकावन्नाव्या वर्षी इतके करावे, अशी आमची विनंती आहे.